पीएचपीत दशांश आकडा पूर्ण आहे का ते बघायचं कसं (कुंद्याच्या पाकिटांवरून)

बेळगावच्या खडेबाजारात आमच्या मामाचं मिठाईचं दुकान आहे, त्याचं बिलाचं सॉफ्टवेअर मी पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहून दिलंय, फुकटात, म्हणजे महिन्याला पाव किलो कुंद्यावर (आमच्याकडची दुधाची मिठाई). गेल्या दिवाळीला मामाचा फोन आला, "अरे, बिलात वर आठ पाकिटं म्हणतंय आणि खाली सात, गिऱ्हाईक माझ्याकडं बघायलंय, काय करू मी?" पाकीट शंभर ग्रॅमचं. गिऱ्हाइकानं आधी ०.१ किलो घेतला, मग ०.७ आणखी. पाकिटं किती, तर बेरजेला १० नं गुणा, आठ. लहान पोर पण सांगंल.

पीएचपीला मात्र (०.१ + ०.७) * १० चं उत्तर ७.९९९९९९९९९९९९९९९ येतं. नुसतं एको केलं (म्हणजे छापलं) की ८ दिसतं, कारण एको १४ अंकांपर्यंतच दाखवते, आणि इंटमध्ये (पूर्णांकाच्या टाइपमध्ये) कास्ट केलं, म्हणजे बदलून घेतलं, की शेपूट कापून ७. म्हणून वर आठ, खाली सात. असलं काही शोधायचं असलं तर एकोवर भरवसा ठेवू नका, व्हार_डंप करा, खरा आकडा तिथं दिसतो.

(कोड मी देवनागरीत लिहिलाय, टाइप करताना फंक्शनची नावं आणि आकडे इंग्रजीतच टाका. व्हेरिएबलचं नाव $वजन असं मराठीत ठेवलं तरी पीएचपी चालवून घेते, पण पुढच्या डेव्हलपरच्या शिव्या तुम्ही खायच्या.)

आता मुद्द्याचं. पहिली चूक सगळेच करतात, मी पण केली, इज_इंट वापरायचं. इज_इंट आकडा पूर्ण आहे का ते बघतच नाही, टाइप बघते, त्यामुळं ५.० ला पण फॉल्स. फॉर्ममधून आलेला "५" तर स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, त्याला पण फॉल्सच.

दुसरी चूक, $वजन % १ == ०. हे कायम ट्रूच येणार, कारण % (भागून बाकी काढणारं) आधी दोन्ही बाजू इंट करून घेतं, २.५ चे २ झाले की बाकी राहतीय कुठं? पीएचपी ८.१ पासनं निदान डेप्रिकेटेडची ("हे आता करू नका" अशी) नोटीस तरी येते, जुन्या व्हर्जनला गप्प बसून फसवायचं.

साधं आणि चालणारं हे:

फ्लोअर($वजन) == $वजन

फ्लोअर म्हणजे आकडा खालच्या पूर्णांकावर आणणारं फंक्शन. यात दोनच बरोबर (==) टाका, तीन (===) नको. फ्लोअर कायम फ्लोटच (दशांश आकड्याचा टाइप) परत देतं, $वजन चुकून इंट असलं की तीनवालं टाइपवरनं नाही म्हणतं. किंवा दशांशासकट बाकी काढणारं एफमॉड($वजन, १) == ० लिहा, तेही चालतं, आणि इन्फिनिटी आली तर एफमॉड नॅन ("हा आकडाच नाही") देतं म्हणून आपोआप फॉल्स होतंय. फ्लोअरवालं तिथं गंडतं, इन्फिनिटीचा फ्लोअर इन्फिनिटीच, म्हणून ते "पूर्ण आहे" म्हणून मोकळं. कोण कशाला इन्फिनिटी टाकंल म्हणाल, तर फॉर्ममध्ये १ई९९९ (एकावर ९९९ शून्यं) टाका, इज_न्यूमरिक त्याला पास करतं आणि फ्लोट केलं की इन्फिनिटी. फ्लोअरच्या आधी इज_फायनाइट लावा, विषय संपला.

हे दोन्ही प्रकार मामाच्या आठाला मात्र नाहीच म्हणणार, कारण तो आठ नाहीच. गणित करून आलेला आकडा असला की जवळपासचं बघावं लागतं:

अ‍ॅब्स($पाकिटं - राउंड($पाकिटं)) < ०.००००१

हा फरक किती ठेवायचा ते आपापल्या धंद्यावर. दुकानातल्या काट्याला एवढं पुरे. पीएचपी_फ्लोट_एप्सिलॉन नावाचा तयार कॉन्स्टंट ७.२ पासनं मिळतो, पण तो एकाच्या आसपासच्या आकड्यांचा आहे, मामाच्या आठाचा फरक सुद्धा त्याच्यात बसत नाही. आणि आकडा ४५०३५९९६२७३७०४९६ च्या पुढं गेला की तपासण्यात अर्थच नाही, तिथनं पुढं फ्लोटला दशांश ठेवायला जागाच उरत नाही, सगळेच पूर्ण. तेवढा कुंदा अख्ख्या बेळगावात नाही, ते सोडा.

मला विचाराल तर फ्लोट पूर्ण आहे का हा प्रश्न पडायच्या जागीच पोचू नये. मी शेवटी सगळं ग्रॅममध्ये केलं, इंट. १०० + ७०० म्हणजे ८००, ८०० % १०० === ०, इथं % बिनधास्त वापरा. ७५० आले की बाकी ५०, अर्धं पाकीट होत नाही म्हणून मेसेज. रुपयांना पण हेच, पैशात ठेवा. फक्त किलोचे ग्रॅम करताना (इंट)राउंड($किलो * १०००) लिहा, राउंड विसरू नका, कारण १९.९९ रुपयांचे पैसे करायला १०० नं गुणून नुसतं इंट केलं की १९९९ च्या जागी १९९८ मिळतात, आणि तो एक पैसा वर्षअखेरीला सीए विचारतो, मामा मला विचारतो.