दुसऱ्या विषयातलं पुस्तक-परीक्षण कसं वाचायचं

आधी बघा परीक्षण कोणी लिहिलंय आणि कुठल्या जर्नलमध्ये आलंय. पुस्तक एका विषयाचं आणि परीक्षक दुसऱ्या विषयाचा असेल तर ते सोडू नका, खरा माल तिथेच असतो.

बेस्ट उदाहरण १९५९ चं. स्किनर हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ, त्याने १९५७ साली माणसाच्या बोलण्यावर पुस्तक काढलं, आणि 'लँग्वेज' या भाषाशास्त्राच्या जर्नलमध्ये तिशीतल्या चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञाने त्याची तीसेक पानं भरून चिरफाड केली.

वाचताना एकच काम करा, परीक्षक कुठला शब्द पकडून बसलाय ते शोधा, कारण शब्दच एका विषयातून दुसऱ्यात जाताना घसरतात. चॉम्स्कीने 'उद्दीपक' म्हणजे स्टिम्युलस पकडला, म्हणजे ज्यामुळे प्राणी किंवा माणूस प्रतिक्रिया देतो ती गोष्ट. लॅबमधल्या उंदरासमोर तो नेमका काय ते सांगता येतं, पण चित्र बघून कोणी 'डच' (डच शैलीचं) म्हणेल, कोणी 'फार खाली टांगलंय' म्हणेल, मग उद्दीपक कुठला ते बोलून झाल्यावरच ठरवणार का? हा प्रश्न भाषाशास्त्रातून थेट मानसशास्त्रात गेला, पुढे कॉग्निटिव्ह सायन्सवाल्यांनीही (मन कसं चालतं याचा अभ्यास करणाऱ्यांनी) तो उचलला.

आणि हो, फक्त परीक्षण वाचून पुस्तकावर मत ठोकू नका (आपण सगळेच करतो म्हणा). उलट उत्तरही शोधा. मॅककॉरकोडेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये ते दिलं, म्हणाला चॉम्स्कीला स्किनर कळलाच नाही. अकरा वर्षं उशिरा! तोवर बऱ्याच जणांनी मूळ पुस्तक न उघडताच मत बनवलं असणार असं मला तरी वाटतं.