स्पितीत गावोगावी पायी फिरताना

गडाच्या पायथ्याच्या गावात गाडी लावायची, उतरल्यावर तयार मिळेल असे पिठलं-भाकरीचे सांगून ठेवायचे आणि वर निघायचे, ही नाशिकच्या ट्रेकरची रीत झाली आहे. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यातल्या लांगझा, कोमिक, देमुल, लालुंग आणि धनकर ही गावे जोडणाऱ्या चार-पाच दिवसांच्या वाटेवर मात्र रोजचा मुक्काम गावकऱ्यांच्या घरातच असल्यामुळे तयारी निराळी करावी लागते.

सर्वांत आधी उंचीचा विचार करावा. साल्हेर १,५६७ मीटर आणि लांगझा सुमारे ४,४०० मीटर, त्यामुळे साल्हेर धाप न लागता चढणाऱ्यानेही तेवढ्यावर विसंबू नये. नाशिकरोडहून पंजाब मेलने दिल्ली गाठून पुढे सिमला, रेकाँग पिओ, नाको आणि ताबो असे मुक्काम करत स्पितीचे मुख्य गाव असलेल्या काझाला जावे. मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे एका दिवसात काझाला पोहोचता येते, पण वाचवलेले दोन-तीन दिवस बहुधा डोकेदुखीत आणि मळमळीत जातात. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नसावी आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी.

देमुलमध्ये पाहुणे घराघरांत आळीपाळीने जातात, जेणेकरून उत्पन्न सगळ्या गावाला मिळते; म्हणून वाट्याला येईल ते घर स्वीकारावे, शेजारचे घर प्रशस्त दिसते म्हणून हट्ट धरू नये. ऑगस्टच्या सुमारास वाटाण्याची तोडणी चालू असते. द्राक्षतोडणीच्या दिवसांत निफाडच्या एखाद्या बागायतदाराकडे पाहुणा गेला, तर त्याला किती वेळ मिळेल हे आपण जाणतोच. तेव्हा यजमानीणबाई शेतावर असतील तर जेवणाची घाई करू नये, आणि त्यांनी हरकत घेतली नाही तर टोपली घेऊन सोबत जावे.

आपली मंडळी हमखास चुकतात ती शौचालयात. तेथील पारंपरिक शौचालय दुमजली असते: वरच्या मजल्यावरील जमिनीला एक चौकोनी भोक, कोपऱ्यात माती किंवा राखेचा ढीग आणि त्यात खोचलेले फावडे. वापर झाल्यावर दोन फावडी माती टाकायची असते. बादलीभर पाणी ओतले की खालचा ढीग कुजण्याऐवजी सडतो आणि दुर्गंधी सुटते. या ढिगाचेच पुढे सोनखत होऊन ते जवाच्या आणि वाटाण्याच्या शेतात जाते, म्हणजे आपली बादली थेट यजमानांच्या शेतीचे नुकसान करते. पाण्याशिवाय ज्यांचे चालतच नाही, त्यांनी काय सोय आहे हे घरात शिरतानाच विचारून घ्यावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

स्वयंपाकघरात मधोमध शेगडी असते आणि सगळे तिच्याभोवती बसतात. भेटल्यावर ‘जुले’ म्हणावे, बसण्याची जागा यजमानांना दाखवू द्यावी आणि शेगडीत कागद किंवा प्लास्टिक टाकू नये. खारट लोणीचहाचा पेला रिकामा दिसला की तो पुन्हा भरला जातो, म्हणून नको असल्यास तो भरलेलाच ठेवावा. मुलांना वाटेत चॉकलेट वाटण्यापेक्षा घरच्यांच्या हाती कागदी पिशवीतून आपल्याकडचे पावशेर बेदाणे द्यावेत. फोटो विचारूनच काढावेत. मणिभिंत, म्हणजे बौद्ध मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत, उजव्या हाताला ठेवून पुढे जावे.

पैसे ज्या घरात राहिलो त्याच घरात रोख द्यावेत, त्यासाठी सुट्ट्या नोटा दिल्लीतच घेऊन ठेवाव्यात. बिस्किटांची रिकामी पाकिटे आणि बॅटरीचे सेल काझाच्या कचऱ्यात न टाकता सॅकच्या तळाशी बांधून नाशिकला परत आणावेत.