अंगावरून जास्त जातंय? पिशवी काढण्याआधी या चुका टाळा

'चाळिशी आली, आता असं व्हायचंच' असं जतपासून कोरेगावपर्यंत कुठल्याही घरात ऐकू येतं आणि बाई महिनोन्‌महिने दुखणं अंगावर काढते. हिमोग्लोबिन सातवर आलं, जिना चढताना धाप लागली की मग मिरज नाहीतर कराड गाठायचं, आणि प्रश्न एकच: पिशवी कधी काढायची? रक्त कशामुळे जातंय हे विचारायचं राहूनच जातं.

पाळी २४ ते ३८ दिवसांनी यावी, आठ दिवसांत थांबावी. दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडणं, पॅड बदलायला रात्री उठावं लागणं, मधेच किंवा संबंधानंतर डाग दिसणं, हे दाखवायलाच हवं. तारखा कॅलेंडरवर लिहून न्या. नुसतं 'लई जातंय' म्हणून डॉक्टरांना अंदाज येत नाही.

खरा घोळ गोळ्यांचा. लोणंद-फलटणला पालखी येते, घरात लग्न निघतं, गौरी बसतात, की मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायची गोळी येते. ती बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येणारच, मधे एखादी चुकली तर डागही दिसतील. तो आजार नव्हे, पण डॉक्टरांना गोळीचं सांगायला हवं. लाजून लपवलं तर तपासणी भलत्याच वाटेला लागते. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळी रक्त थांबवायला घेणं त्याहून वाईट. रक्त थांबतं, कारण आत तसंच राहतं.

पहिली तपासणी गरोदरपणाची, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असलं तरी. नळीत गर्भ राहिला तर जिवावर बेततं. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी. वयात आल्यापासूनच मुलीला भरपूर जात असेल तर रक्त गोठण्याचा दोष आहे का, तेही बघावं.

सोनोग्राफीच्या कागदावर 'पिशवीला सूज' दिसलं की घर हादरतं. बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. तेवढ्यावरून कॅन्सर ठरत नाही. पिशवीच्या आतल्या अस्तराची जाडीही पाळीच्या दिवसाप्रमाणे बदलते, म्हणून तपासणी कितव्या दिवशी केली ते रिपोर्टवर बघा. पंचेचाळिशीनंतर, किंवा वजन जास्त असेल, पाळी वर्षानुवर्षं अनियमित असेल तर त्याआधीही, अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. क्युरेटिंग, म्हणजे पिशवी आतून खरवडणं, झालं असेल तर बायोप्सीचा रिपोर्ट मागून घ्या. तुकडाच पाठवला नसेल तर ते क्युरेटिंग जवळजवळ वाया गेलं, कारण नुसत्या क्युरेटिंगने त्रास कायमचा जात नाही.

उपाय कारणाप्रमाणे. पिशवीतला मस्सा दुर्बिणीने निघतो, थायरॉइडला गोळी असते. फायब्रॉइड, म्हणजे पिशवीतली साधी गाठ, लहान आणि त्रास देत नसेल तर नुसतं लक्ष ठेवूनही भागतं. पाळीच्या जड दिवसांपुरती रक्तस्राव कमी करणारी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी चालते. पायात किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली असेल तर नाही. हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू पिशवीत बसवली की कित्येक वर्षं रक्तस्राव आटोक्यात राहतो, पण आपल्याकडे ती सुचवलीच कमी जाते, हे मला खटकतं.

पिशवी काढणं कधीकधी बरोबरच असतं. पण ऊसतोडीच्या मजूर बायकांच्या तरुणपणीच पिशव्या काढल्याचं बीडमध्ये उघड झालं आणि २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्याच टोळ्या आपल्या कारखान्यांवर येतात. सोबत अंडाशयही काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात, त्यामुळे 'ती का काढताय?' हे सहीआधी विचारा.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर डाग दिसला, एकदाच का होईना, तर त्याच आठवड्यात दाखवा. तासाला एक पॅड भिजतंय आणि चक्कर येतेय तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीला जा.