दक्षिण टिरोलमध्ये शरद ऋतूची चव कशी घ्यावी

इटलीच्या उत्तर टोकाला आल्प्सच्या कुशीत वसलेल्या दक्षिण टिरोलमध्ये खास खाण्यासाठी जायचे असेल, तर ऑक्टोबरच्या प्रारंभापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा काळ निवडावा. या दिवसांत ‘टर्गेलन’ची प्रथा पाळली जाते, म्हणजे डोंगरउतारावरून पायी फिरत शेतकऱ्यांच्या घरी जायचे आणि नवी वाइन, बार्लीचे सूप व भाजलेले चेस्टनट यांचा आस्वाद घ्यायचा. शनिवार-रविवारी गर्दी होत असल्याने जागा आधीच राखून ठेवावी. चेस्टनट गरम असतानाच सोलावेत, कारण निवल्यावर आतली पातळ साल गराला घट्ट चिकटून बसते.

शाकाहारी मंडळींनी पालक आणि दह्याच्या चक्क्यासारखे ताजे चीज भरलेले, अर्धचंद्राकृती पास्त्याचे ‘श्लुट्सक्राप्फन’ मागवावेत. सुपात मात्र बहुधा डुकराचे मांस असते, म्हणून आधी विचारून घ्यावे.

बोल्झानो शहराच्या जुन्या फळबाजारात सकाळीच जावे. रविवारी तो बंद असतो. तेथे राय (rye) या धान्याच्या पिठाची पातळ, कडक ‘शुट्टलब्रोट’ ही भाकरी अवश्य घ्यावी. तिच्यात बडीशेपेबरोबर निळ्या फुलांच्या मेथीची पूडही घालतात, त्यामुळे पहिल्याच घासाला मराठी जिभेला ओळखीचा सुगंध भेटतो आणि परक्या मुलखात तो फार हवाहवासा वाटतो. ती कोरडी असल्याने प्रवासात चांगली टिकते.

मेरानो शहराचा द्राक्षोत्सव 1886 पासूनचा आहे. तो ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी भरतो, तेव्हा मुक्कामाची सोय लवकर करावी.