घाम म्हणजे तेल नाही ना भो! सीरम घेताना या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास, तोंड दिवसभर चिकचिक करतं, मग आपणच ठरवून टाकतो की स्किन ऑयली आहे. मीही तेच केलं, 2 टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं सीरम रोज दोनदा फासलं आणि आठ दिवसांत गालाची साल अशी निघायला लागली जशी भरिताच्या भाजलेल्या वांग्याची निघते. चूक सॅलिसिलिकची नव्हती, ते तेलात विरघळतं म्हणून छिद्रात शिरून ब्लॅकहेड्स साफ करतं, पण माझे गाल मुळात कोरडे होते.

म्हणून आधी साध्या फेसवॉशने तोंड धुवा, काहीच न लावता पंख्याखाली तासभर बसा. नाक-कपाळ चमकलं आणि गाल ओढले तर कॉम्बिनेशन, मग सॅलिसिलिक फक्त नाक-कपाळावर, तेही आठवड्यातून दोन-तीनदा. सगळंच ताणलं तर ड्राय, तिथे लॅक्टिक ॲसिड सौम्य पडतं. लगेच लाल होणारी स्किन आणि पिंपलचे डाग असतील तर 10 टक्के अझेलिक ॲसिड किंवा 5 टक्के नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी3). नायसिनामाइड 10 टक्केवालं घेतलं म्हणजे दुप्पट फायदा होत नाही, उलट काहींना झोंबतं.

हायल्युरॉनिक ॲसिड, म्हणजे ओलावा धरून ठेवणारं सीरम, कोरड्या तोंडावर लावू नका, तोंड ओलसर असतानाच लावा आणि वरून मॉइश्चरायझर, नाहीतर आपल्या कोरड्या हवेत अजूनच ओढल्यासारखं होतं. व्हिटॅमिन सी उन्हाळ्यात कपाटात राहिलं की तपकिरी होतं, मग फेकायचंच, जीव तुटला तरी.

रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा प्रकार) रात्रीच, वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोनदा, त्याच रात्री साल काढणारं ग्लायकोलिक ॲसिड नको, आणि गरोदर असाल तर अजिबात नको. नेहमीच्या जागी पिंपल वाढले तर चार-सहा आठवडे थांबा, पण नव्या जागी आले किंवा आग झाली तर बंद. आणि हे सगळं लावून सनस्क्रीनशिवाय स्कूटीवर निघालात तर डाग अजून गडद होतील, स्कार्फ बांधला तरी.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मेडिकलवरून मैत्रिणीच्या सांगण्यावर आणलेली गोरं करायची ट्यूब. मागे बारीक अक्षरात बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असेल तर ते स्टेरॉइड आहे, सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, आणि बंद केलं की तोंड लालबुंद. महिनोन्‌महिने लावत असाल तर त्यावर कुठलंच सीरम चढवू नका, ती ट्यूब सोबत न्यायला पिशवीत टाका आणि स्किनच्या डॉक्टरला दाखवा.