वाढ्यावरच्या म्हशी, घटलेलं दूध आणि मुका माज

ऊसतोडणीच्या हंगामात दोन-तीन महिने नुसतं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) चाललं की म्हैस दूध चोरल्यासारखी आटते, माजही (फळवायची वेळ झाल्याची खूण) दाखवत नाही, म्हणजे मुका माज. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधतं आणि ते शेणावाटे निघून जातं.

आधी शेण तपासून जंतनाशक द्या. मग दुभत्या म्हशीला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण, पारडीला 25, दोन वेळांत विभागून आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) कालवून. पाण्यात टाकू नका, तळाशी बसतं. मीठ 30 ग्रॅम. मिश्रणातच मीठ असेल तर कमी. पिशवीवर कॅल्शियम 20 आणि फॉस्फरस 12 टक्के आहे का ते वाचा. वाढं निम्म्यावर आणून बाकी कडबा नि लसूणघास.

कॅल्शियमसाठी 80 मिली चुन्याची निवळी (चुना तळाशी बसल्यावरचं स्वच्छ पाणी) पाजतात, तिच्यावर भिस्त नको. लिटरभर पाण्यात चुना जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतो, मग तेवढ्या निवळीत म्हशीला मिळणार काय? 50 ग्रॅम मिश्रणातून 10 ग्रॅम कॅल्शियम जातं.

आठवड्यात फरक नाही म्हणून बहुतेक जण मिश्रण बंद करतात. दोन-अडीच महिने सलग द्या, आणि सोट (माजावर योनीतून येणारा चिकट स्राव) पहाटेच बघा. उन्हं चढल्यावर म्हशीचा माज कळत नाही.