व्होल्ट, अँपिअर आणि मोटार: इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या नव्या मुलांसाठी

इलेक्ट्रिशियन ट्रेडला प्रवेश घेतला की सुरुवातीलाच ओहमचा नियम येतो. जर्मनीतल्या गेओर्ग ओहम या शिक्षकाने तो १८२७ साली मांडला. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो ओहममध्ये, आणि गुणलं की शक्ती मिळते वॅटमध्ये. तोंडी परीक्षेत कुणी विचारलं, "२३० व्होल्ट, ५ अँपिअर, रोध किती, वॅट किती?" तर ४६ ओहम आणि ११५० वॅट हे उत्तर अवघड नाही. मी परभणी-जालना भागात शेतीच्या मोटारींचं आणि घरगुती वायरिंगचं काम करतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना हे गणित येतं. समोरच्या वस्तूला ते लावायचं कसं, तिथे ती अडतात.

सुरुवात पाणी तापवायच्या रॉडपासून करा. रॉडवर १५०० वॅट, २३० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे साधारण ६.५ अँपिअर, आणि रोध ३५ ओहमच्या थोडा वर. रॉडची तार तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही, त्यामुळे प्लग काढून मीटर लावलं तरी जवळपास हाच आकडा दिसतो.

आता खेड्यातली थंडीतली सकाळ धरा. लाईट डीम आहे, मीटर १८० व्होल्ट दाखवतंय. रोध तोच, म्हणून करंट ५.१ अँपिअरवर येतो आणि शक्ती ९२० वॅटच्या आसपास. दाब, म्हणजे व्होल्ट, बावीस टक्के कमी झाला, पण शक्ती जवळजवळ चाळीस टक्के घटली, कारण दाबाबरोबर करंटही पडतो. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला पूर्ण दाबात साधारण २८ मिनिटं लागतात, १८० व्होल्टला ४५ च्या वर. घरचे म्हणतात रॉड खराब झाला. रॉड उघडण्याआधी व्होल्ट बघा.

पिवळ्या उजेडाचा जुना १०० वॅटचा बल्ब मात्र वेगळा. हिशोबाने त्याचा रोध ५२९ ओहम यायला पाहिजे. बंद बल्बला मीटर लावा, चाळीसच्या आसपास दिसेल. मीटरही बरोबर आणि हिशोबही बरोबर. आतली टंगस्टनची तार पेटली की रोध कितीतरी पट वाढतो. व्होल्ट आणि अँपिअरवरून काढलेला रोध हा वस्तू चालू असतानाचा असतो, हे या एका बल्बवरून पक्कं ध्यानात राहतं.

म्हणून मोजायचं ते लोड चालू ठेवून, आणि दोन्ही आकडे एकाच वेळचे. मोटार बंद असताना बोर्डावर दाब चांगला दिसतो, सुरू झाली की खाली येतो. हिशोबाला तो खालचा आकडा घ्यायचा. करंटसाठी क्लॅम्प मीटर (वायर न तोडता जबड्यात धरून करंट मोजणारं मीटर) वापरा, आणि जबड्यात एकच वायर धरा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही धरल्या तर शून्य दिसेल. साधं मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून फेज-न्यूट्रलला कधीही लावू नका. तो सरळ शॉर्ट आहे, हात भाजतात, डोळ्याला इजा होते. आणि ओहम मोजायचे ते सप्लाय तोडूनच.

आता मोटार. आपल्याकडे खरं काम तिथेच आहे. थ्री फेज पंपासाठी वायरमन लोकांचा ठोकताळा आहे: एचपीला (हॉर्सपॉवरला) दीडने गुणा, अँपिअर मिळतात. पाचची मोटार म्हणजे साडेसात अँपिअर. पडताळून बघा. थ्री फेजचा दाब ४१५ व्होल्ट. ४१५ गुणिले ७.५ गुणिले १.७३२ (थ्री फेजचा ठरलेला गुणक), आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटचा खरं काम करणारा हिस्सा, ०.८५ धरला तर मोटार सुमारे ४५८० वॅट घेते. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणून शाफ्टवर मिळतात ५ गुणिले ७४६, म्हणजे ३७३० वॅट. मधला फरक उष्णता आणि घर्षणात जातो.

रब्बीत शेतीची लाईट आली की एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि दाब ३४० पर्यंत बसतो. रॉडच्या हिशोबाने करंट कमी व्हायला पाहिजे. मोटारीत तो वाढतो. पंपाला पाणी उचलायला जवळपास तेवढीच शक्ती लागते. दाब कमी मिळाला की मोटार जास्त अँपिअर ओढते. साडेसातचे नऊ झाले असं धरा. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ४४ टक्के जास्त. मोटारी जळतात त्या बऱ्याचदा अशा. शेतकऱ्याने ओव्हरलोड रिले (करंट ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की मोटार बंद करणारा) वर सरकवून ठेवलेला असेल तर त्याला नेटाने समजावून सांगा आणि रिले नेमप्लेटच्या आकड्यावर आणा. रिवाइंडिंगचा खर्च आणि पाण्याची पाळी चुकलेलं हरभऱ्याचं रान, दोन्ही त्याच्याच डोक्यावर बसतात.

लांब वायरचंही गणित करत जा. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. घरापासून गोठा १०० मीटर असेल तर जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे २.४ ओहम. तिथे रॉड लावला तर साधारण १५ व्होल्ट वायरीतच जातात आणि ९० च्या आसपास वॅट वायर तापवण्यात. अडीचची वायर घेतली तर नुकसान दहा व्होल्टच्या आत राहतं.

मोटारीच्या वायंडिंगचा रोध मीटरने मोजला तर थोडेच ओहम येतात. ४१५ ला त्याने भागून चालू करंट काढायला जाऊ नका. फिरत्या मोटारीत वायंडिंग स्वतःच उलटा दाब तयार करते, तो करंट अडवतो. या मोजणीचा उपयोग वेगळा आहे. तिन्ही वायंडिंगचे आकडे सारखे पाहिजेत. एक कमी आला तर आतले वेढे शॉर्ट झालेत, एक लागतच नसेल तर तार तुटली आहे, आणि मोटार विहिरीतून वर काढायची की नाही हे तुम्ही स्टार्टरपाशी उभं राहूनच सांगू शकता.